साडेअकरा डोकी

वैनगंगेच्या त्या घाटावर डोंगा सुटायच्या आधी मोजणी होत असे. डोंगा चालवणारे मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेकाकडे बोट करत आणि मोठ्यानं आकडा म्हणत. मोठं माणूस एक. लेकरू अर्धं. बकरी अर्धी, सायकल अर्धी. ज्वारीचं पोतं पूर्ण एक. कडेवरचं तान्हं मोजत नसत. माझे सुताचे गठ्ठे दोन मिळून एक. बारा डोकी भरली की तेराव्यानं काठावर थांबायचं, मग तो गावचा पाटील असो की शाळेचा मास्तर. शेवटचा आकडा मामा ओरडून सांगत आणि डोंग्यात बसलेल्या सगळ्यांनी तो तसाच ओरडून परत म्हणायचा. "साडेदहा!" "साडेदहा!" पलीकडच्या काठावर खोळंबलेल्यांनाही तो ऐकू जाई. सगळ्यांनी म्हटल्याशिवाय मामा बांबू टेकवत नसत.

एका दिवशी तो आकडा खोटा ठरला. चूक मामांची मानली गेली. ती माझी होती. हे मी पन्नास वर्षांत कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

मी नागपूरचा. आमच्या घरी हातमाग होता. वडील आणि थोरला भाऊ लुगडी विणत. एका मागावर दोघांचंच कसंबसं भागे, म्हणून मी इतवारीतल्या एका सूत व्यापाऱ्याकडे लागलो. रंगवलेलं सूत गठ्ठ्यांत बांधून नदीपलीकडच्या विणकरांना पोचवायचं आणि त्यांनी विणलेली लुगडी घेऊन यायचं, हे माझं काम. सकाळच्या बसनं कुही, तिथून दुसऱ्या बसनं घाटाचं गाव, गावातून बैलबंडीनं नदीपर्यंत, मग डोंगा, आणि पलीकडून पुन्हा बस. पलीकडची शेवटची बस साडेचारला सुटे. ती चुकली की शाळेच्या ओसरीत मुक्काम. रस्त्यानं पूल गाठून जायचं म्हटलं तर एवढा फेरा पडे की त्यापेक्षा नदी बरी. सत्तर सालाच्या आगेमागे सहा-सात वर्षं मी दर आठवड्याला ही नदी ओलांडली.

डोंगा सागाच्या फळ्यांचा होता, बाहेरून डांबर फासलेला. पुढच्या टोकाला शेंदूर लावलेला असे. तिथे कोणी बसत नसे आणि चढताना चपला हातात घ्याव्या लागत. बाया पुढे, पुरुष मागे, बकऱ्या मधे. नदीत असताना भांडायचं नाही, असाही एक दंडक होता. काठावर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ डोंग्यात गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि पावसापाण्याचं बोलत. काठ आला की पुन्हा तोंडं फिरवत.

मला ती वीस मिनिटं फार आवडत. हिवाळ्यात पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसे. पात्रातल्या रेतीत टरबुजांचे वेल लावलेले असत. बांबू तळाला टेकल्याचा एक बारीक आवाज येई, मग डोंगा सरके, मग पुन्हा तो आवाज. नागपुरात दिवसभर कोणाचा ना कोणाचा हुकूम कानावर असे. इथे मामा सोडून कोणी कोणाला काही सांगू शकत नसे, आणि मामा फारसं बोलत नसत.

बोलत ते मोजणीच्या वेळी. एकदा घाटाच्या गावचे पाटील बसले होते, अंगानं चांगले भरलेले. मामांनी त्यांच्यापुढे बोट धरलं आणि म्हणाले, "पाटील, तुमी दीड."

"काहून गा? माह्यं डोकं त एकच आहे."

"डोकं एकच आहे जी. मी पोट पाहून राहिलो."

बाया पदर तोंडात धरून हसल्या. पाटीलही हसले, पण दीड मान्य केलं आणि सगळ्यांबरोबर आकडा ओरडले.

माणसाचं, पोत्याचं, बकरीचं वजन मामांना नजरेनं कळे. सुताचं मात्र ते मला विचारत. "सुताचं मले समजत नाही. गठ्ठे कोरडे आहेत ना गा?" हा प्रश्न ठरलेला. कारण ओलं सूत कोरड्याच्या दुप्पट भरतं. पहिल्याच पावसाळ्यात एकदा बसच्या टपावर माझे गठ्ठे भिजले होते, तेव्हा मी आपणहून सांगितलं की भिजलेत. त्यांनी प्रत्येक गठ्ठा पूर्ण एक धरला, त्यात माझी पाळी दुसऱ्या खेपेला गेली आणि बस चुकली. परत येताना मामा म्हणाले, "खरं बोलला, बरं केलं. आता तुह्या गठ्ठ्याले मी हात लावून पाहणार नाही." आणि खरंच, त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही.

चुकीचा तो दिवस मला तारखेसकट आठवतो, पण इथे श्रावण एवढंच लिहितो. दसऱ्याच्या लुगड्यांचं सूत जायचं होतं. रंगाऱ्यानं लाल सूत उशिरा दिलं आणि वर आभाळ. अंगणात बांबूंवर टांगलेल्या लडी चार दिवस झाले तरी वाळेनात. पिळल्या तर लाल थेंब पडत. शेठ म्हणाले, आजच्या आज गेलं पाहिजे. विणकराच्या घरात वाढलेल्या माणसाला ओलं सूत बांधू नये हे शिकवावं लागत नाही. ते कुबट होतं, त्याला बुरशी धरते. तरी मी बांधलं. आत मेणकापड, वर तागाचं बारदान. बाहेरून हात लावला तर कोरडं. पलीकडे गेल्यावर विणकर उन्हात घालतील, असं मनाशी म्हटलं. दुकानातला हमाल गठ्ठा उचलताना म्हणाला, "यात दगड भरले काय बे?" मी त्याला गप्प बस म्हटलं.

घाटावर पोचलो तेव्हा साडेतीन होत होते. नदी गढूळ होती, वाढलेली होती, पण डोंगा चालू होता. डोंग्यात एक म्हातारी बकरी घेऊन बसली होती. एक मास्तर सायकल घेऊन होते. एक जोडपं आणि त्यांचं चार वर्षांचं पोरगं. दोन मजूर. आणि मी, सहा गठ्ठे घेऊन. गठ्ठे मी आणि बंडीवाल्यानं मिळून चढवले. एरवी मी एकटा चढवत असे. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मामांनी बोट उचललं. म्हातारी आणि बकरी, दीड. मास्तर आणि सायकल, तीन. जोडपं आणि पोर, साडेपाच. मजूर, साडेसात. मी, साडेआठ. मग ते थांबले.

"गठ्ठे कोरडे आहेत ना गा?"

ओले म्हटलं असतं तर सहा गठ्ठ्यांची सहा डोकी झाली असती. निदान तीन गठ्ठे काठावर राहिले असते, माझ्यासकट. तशा पाण्यात एका खेपेला जाऊन-येऊन तासभर लागे. साडेचारची बस गेली असती, शेठचे बोल खावे लागले असते. हे सगळं माझ्या डोक्यात एका श्वासात आलं.

"कोरडे आहेत, मामा."

"साडेअकरा!" मामा ओरडले.

"साडेअकरा!" सगळे ओरडले. मीही. माझा आवाज त्या दिवशी इतरांपेक्षा मोठाच होता.

काठापासून थोडं आत गेल्यावर मामा पुटपुटले, "आज डोंगा पान्यात खोल बसून राहिला." त्यांची नजर आमच्यावरून फिरू लागली आणि ओठ हलू लागले. ते पुन्हा मोजत होते. दीड, तीन, साडेपाच. माझ्याशी येऊन थांबले, गठ्ठ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहत होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. दोन गठ्ठे नदीत ढकलले असते तर डोंगा हलका झाला असता. मामा म्हणाले, "कोनी हलू नका," आणि जोर लावू लागले.

मुख्य धारेत डोंगा जरासा कलला आणि काठावरून पाणी आत आलं. बकरी उडी मारून गेली. म्हातारी तिच्यामागे वाकली. मामांनी डोंगा धारेतून काढून पलीकडच्या रेतीच्या उथळाकडे असा घुसवला की त्यांचा तो बांबू वाकलेला मला अजून दिसतो. काठ शंभरेक हातांवर असताना डोंगा आमच्याखाली हळूच बसला, एखादं जनावर बसतं तसा. छातीभर पाणी. "पाय टेकते! उभे राहा! हात धरा!" मामा ओरडत होते. पोरगं त्यांनी खांद्यावर घेतलं होतं. आम्ही साखळी करून बाहेर आलो. एक गठ्ठा फुटला होता आणि पाण्यात लाल रंग पसरत चालला होता. काठावरची एक बाई ओरडली, "रगत! अवं माय, रगत!" मला सांगावं लागलं की रगत नाही, सूत आहे.

कोणी गेलं नाही. म्हातारीचं मनगट मोडलं, बकरी गेली, मास्तरांची सायकल तिसऱ्या दिवशी सापडली. नदीतून काढलेले गठ्ठे ओलेच असणार, त्यामुळे ते आधी ओले होते की कोरडे हे विचारायचं कोणाला कारण उरलं नाही. माझी बस मात्र चुकली.

दोन दिवसांनी घाटावरच्या देवळाच्या चौथऱ्यावर दोन्ही काठांचे जुने नावाडी बसले. गठ्ठे वाळवायला मी तिथेच थांबलो होतो, मलाही बोलावलं. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं विचारलं, "मोजनी किती?"

"साडेअकरा," मामा म्हणाले.

"पक्कं?"

"साऱ्यायनं म्हटलं होतं."

"सुताचे गठ्ठे?"

"कोरडे होते. यानं सांगतलं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. एवढंच केलं. तोंडानं काही बोललो नाही, हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो, जणू मान हलवणं खोटं बोलण्यापेक्षा हलकं असतं.

म्हाताऱ्या नावाड्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "साडेअकरात हा डोंगा बुडत नाही. तुह्या बापानं याच्यात बारा नेले, तू नेले. म्हणजे मोजनी चुकली." आवाजात राग नव्हता. "नजर जाते, गा. माहीपन गेली."

मामांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं घालतील, आणि घातला असता तर कदाचित मी बोललो असतो. ते उठले, बांबू आणून पुतण्याच्या हातात दिला आणि चौथऱ्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले. तेव्हा त्यांचं वय पन्नासही नसेल. कोणी त्यांना दंड केला नव्हता, कोणी हाकललं नव्हतं. त्यांनी स्वतःच मानलं की आपली नजर गेली. शेठला मी सांगितलं की डोंगेवाल्यानं जास्त माणसं भरली. शेठनं फार विचारलं नाही.

त्यानंतरही चार वर्षं मी त्याच घाटावरून जात राहिलो. पुतण्या मोजत नसे. लोक भरले की निघे, आणि चारदोनदा पाणी आत येताना मी पाहिलं. मामा काठावर जाळी विणत बसत किंवा रेतीत टरबुजांच्या वेलांना पाणी घालत. डोंगा भरू लागला की हातातलं काम थांबे आणि ओठ हलत. आकडा ते मोठ्यानं म्हणत नसत.

एका उन्हाळ्यात मी डोंग्याची वाट पाहत होतो. मामांनी मला हाक मारली. त्यांच्यापुढे सात-आठ टरबुजं होती. एक उचलून त्यांनी दोन्ही हातांत तोललं. "हे सव्वाचार किलो." दुसरं उचललं. "हे साडेतीनच्या वर आहे, पन पावनेचार नाही." मग म्हणाले, "चाल माह्यासंगं."

आम्ही घाटावरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तराजूत घालून पाहिलं. आकडे बरोबर निघाले. दुकानदार हसला, "मामा रोजचंच करते हे. माह्या तराजूची परीक्षा घेऊन राहिले."

परत येताना मामा म्हणाले, "टरबूज बरोबर येते. पोतं बरोबर येते. त्या दिवशी मानसंच काहून चुकली? तू होता ना गा तेथी. तूच सांग, माह्यं कुठी चुकलं?"

आम्ही दोघंच होतो. नदी समोर होती, उन्हात पडलेली. मी म्हणालो, "होते कधीकधी, मामा. पान्याचा जोर होता."

"पान्याचा जोर मी धरला होता," ते म्हणाले आणि टरबूज घेऊन गेले. जाताना त्यातलं एक माझ्या हातात दिलं.

चौथऱ्यावरची मान आणि हे उत्तर, या दोहोंत मला हे उत्तर जास्त जड वाटत आलं आहे. चौथऱ्यावर मी नोकरी जाईल म्हणून घाबरलो होतो. इथे घाबरण्यासारखं काही नव्हतं. फक्त इतके दिवस गेल्यावर सांगायचं कसं, हे कळत नव्हतं. पुढे सुताचं काम संपलं, मी दुसरीकडे लागलो आणि घाट सुटला. नंतर रस्ते झाले, पूल झाले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी धरणाचं पाणी फुगत वर आलं आणि घाट, चौथरा, टरबुजांची रेती सगळं त्याखाली गेलं. गावं उठून नव्या वसाहतींत गेली.

गेल्या हिवाळ्यात नातवानं मला त्या बाजूला फिरायला नेलं. तिथे मोटारबोटी चालतात. बोटीवरच्या पोरानं आम्हाला बसवलं, दोर सोडला आणि निघाला. मी म्हणालो, "मोजलं नाही." तो म्हणाला, "आजोबा, सगळे आले ना? झालं तर." त्या पाण्याखाली घाट कुठे असेल याचा मला अंदाज लागला नाही. घरी आल्यावर आठ दिवस झोप नीट लागली नाही. मग मामांचं गाव उठून जिथे गेलं होतं त्या नव्या वसाहतीत मी एकटाच बसनं गेलो. परतीची शेवटची बस साडेचारला आहे, असं चहावाल्यानं सांगितलं.

मामा जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती. मामी होत्या, नव्वदीच्या आसपास, कान थोडे जड, नजर चांगली. सिमेंटच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी सूतवाला म्हटल्यावर त्यांनी लगेच ओळखलं.

मी सरळ सांगितलं. गठ्ठे ओले होते. मला ठाऊक होतं. मामांनी विचारलं तेव्हा कोरडे म्हटलं. चौथऱ्यावरही तेच ठेवलं.

त्यांनी कानावरचा पदर मागे सारला. मग म्हणाल्या, "ओले म्हणजे किती झाले असते?"

"साडेचौदा, मामी."

"आन् त्यायनं साडेअकरा म्हटलं."

"त्यांचं बरोबर होतं. मी सांगितलं त्यावर त्यांचं बरोबरच होतं."

"मरायच्या आदल्या हप्त्यात दवाखान्यात खाटा मोजून राहिले होते," त्या म्हणाल्या. "नर्सबाईले विचारे, बारा आहेत ना वं? नर्स म्हणे हाव, बाबा, बाराच आहेत. त मले म्हणे, पाहा, बरोबर येते."



घरातून सून बाहेर आली. मामी तिला म्हणाल्या, "ऐकलं काय वं? तुमी पोट्ट्यायले हिशोब चुकला का काय म्हणता? डोंगेवाल्याची मोजनी. साऱ्या गावात म्हणते. याले विचार आता, कोनाची चुकली होती ते."

मला हे माहीत नव्हतं. त्या गावात कोणाचं काही मोजताना चुकलं की आजही ते शब्द म्हणतात, ज्यांनी मामांना पाहिलं नाही अशी मुलंही म्हणतात. मी हात जोडले. मामींनी तिकडे पाहिलं नाही.

"मले सांगून काय होते? मी त त्यायले कधी चुकीचं म्हटलंच नाही. साऱ्यायले सांग."

"सांगतो, मामी. कोणाला सांगू?"

"आता कोनी नाही. सारे वावरात गेले, कोनी कामावर. सांजच्याले येतात, समाजमंदिरापाशी बसतात. पुतण्याही येते. तवा सांग, मोठ्यानं. त्यायचे कान माह्यापेक्षा खराब आहेत."

सून म्हणाली, "आई, या बाबाची शेवटची गाडी साडेचारले आहे ना. मग गाडी नाही."

मामींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांनी थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मोजणीच्या वेळी बोट धरून मामा जसे थांबत, तशा त्या थांबल्या होत्या.

बस वेळेवर आली. ओट्यासमोरच्या चहाच्या टपरीपाशी दोन बाया उतरल्या, एक म्हातारा चढला. कंडक्टरनं माझ्याकडे पाहून हात केला. मी नाही म्हणून हात हलवला आणि ओट्यावर मामींच्या शेजारी बसून राहिलो. सून चहा घेऊन आली. वावरातून माणसं परतायला अजून तासभर होता.